निळ्या सुतळीचं फाटक

“पण घरात फोनच नाही, भन्ते. मग वाजतं काय?”

भदन्त निग्रोध पायरीवर बसून रबरी बूट चढवत होते. उजवा चढला होता, डावा टाचेशी अडला होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

“रोज वाजते?”

“रोज नाही. ध्यानाला बसलो की वाजतो. रविवारी तर हमखास.”

“आज रविवारच हाये नं?”

“हो.”

“मंग चाला. जरा नदीवर जाऊन येऊ.”

प्रल्हाद जांभुळकरांना हे उत्तर काही पटलं नाही. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. प्रश्न विचारला की उत्तर मिळावं, तेही मुद्देसूद, ही आयुष्यभराची सवय. त्या एका उत्तरासाठी ते भंडाऱ्याहून निघून विलायतेतल्या या एवढ्याशा गावात येऊन पोचले होते. हेझलफोर्ड त्याचं नाव. दगडी घरं, एक चर्च, एक पब, आणि जुन्या शाळेच्या इमारतीत भन्तेंचा छोटा विहार. भन्ते मूळचे वैनगंगेकाठचे. इतकी वर्षं इथे काढून त्यांनी रबरी बूट तेवढे घेतले होते, बोली घरचीच ठेवली होती.

याआधी जांभुळकर साहेबांनी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारून पाहिला होता. एका आचार्यांनी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांनी मीठ सोडायला सांगितलं. साहेबांनी मीठ सोडलं. फोन वाजतच राहिला.

“फिरायला मी इतक्या लांब आलो का?”

“तिकडे फिरत होते?”

“वेळ कुठे होता...”

“मंग बरं झालं आले,” म्हणून भन्ते उठले.

एक गोष्ट साहेबांनी भन्तेंना सांगितली नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी, उत्पला, इथून रेल्वेनं तासाभरावरच्या शहरात राहत होती. साहेबांचं परतीचं विमान उद्या सकाळी होतं. आणि आपले वडील या देशात आले आहेत, हे उत्पलाच्या गावीही नव्हतं.

चर्चच्या भिंतीला धरून वाट जात होती. संध्याकाळ कधीच झाली होती, पण ऊन काही जायला तयार नव्हतं. दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं रेंगाळत होतं. घरांच्या भिंतींवर गुलाब चढले होते. कुठल्या तरी खिडकीतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

समोरून एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन आली. ‘लव्हली ईव्हनिंग,’ म्हणाली. भन्ते ‘व्हेरी लव्हली’ म्हणाले. कुत्र्यानं बूट हुंगले आणि दोघं पुढे गेले.

“ओळखीच्या?”

“रोज भेटते.”

“नाव काय त्यांचं?”

“माहीत नाही. कुत्र्याचं माहीत हाये.”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. उत्तर मिळेपर्यंत हसायचं नाही, असं जणू ठरवूनच आले होते.

गाव संपलं आणि शेत लागलं. शेत म्हणजे नुसतं गवत, गुडघ्याएवढं, त्यात पिवळी फुलं. मधूनच एक पायवाट गेली होती. वरच्या अंगाला झाडांच्या सावलीत गायी बसल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, धिप्पाड. भन्ते बिनधास्त आत शिरले. साहेब कडेला थांबले.

“हे शेत कुणाचं?”

“हाये एक शेतकरी.”

“त्याची परवानगी?”

“वाट सगळ्यांची हाये जी. शेत त्याचं, वाट आपली.”

“असं कुठे लिहिलंय?”

“लोक चालत आले म्हणून झाली. चालणं सुटलं की बुजते.”

साहेब मागोमाग निघाले. ही व्यवस्था त्यांना जरा ढिलीच वाटली. वाटेच्या बाजूला जनावरांसाठी पाण्याचं सिमेंटचं टाकं होतं. सवयीनं त्यांनी आत डोकावलं. बोटानं तळ खरवडला.

“कोरडं आहे. तळाला तडा गेलाय. देखभाल म्हणून नाही.”

“हो,” भन्ते म्हणाले.

“आमच्या खात्यात असं टाकं दिसलं असतं, तर मी शाखा अभियंत्याला उभं केलं असतं.”

“हो,” भन्ते परत म्हणाले आणि चालत राहिले.

शेताच्या खालच्या टोकाला एक लाकडी फाटक होतं, चांगलं बैलगाडीएवढं रुंद. ते सताड उघडं होतं. जमीन खुरांनी तुडवून चिखल झाली होती. चिखलाच्या कडेनं पाय टाकत भन्ते पुढे निघून गेले. साहेब मागे राहिले आणि त्यांनी पाहिलं, की फाटक निळ्या प्लास्टिकच्या सुतळीनं मागच्या खांबाला बांधून ठेवलेलं आहे.

उघडं फाटक साहेबांना बघवत नसे. घरीही नाही, धरणावरही नाही. कुणीतरी आळशीपणानं सुतळी बांधून मोकळं झालं असणार. त्यांनी गाठ सोडली. फाटक आपल्याच वजनानं सावकाश फिरलं आणि कडी पडली. खट्.

पुढे भन्ते क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मग परत चालू लागले.

सुतळी तिथेच टाकणं साहेबांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. त्यांनी ती गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

मग नदी आली.

आली म्हणजे काय, गवत संपलं आणि तिथे पाणी होतं. वाळू नाही, दगडगोटे नाहीत, घाट नाही. काठोकाठ भरलेलं पाणी आणि त्यावर झुकलेली लांब पानांची झाडं. पानांची टोकं पाण्याला टेकली होती आणि प्रत्येक टोकाशी एक बारीक रेघ उमटत होती. साहेबांचं आख्खं आयुष्य पाण्यात गेलेलं, पण हे पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते त्यांना कळेना. त्यांनी एक काडी टाकली. काडी बराच वेळ विचार करत बसली, मग डावीकडे निघाली.

“हिचं नाव काय?”

“हाये काही तरी नकाशात. गावातले लोक नुसतं नदी म्हणतात.”

“आपल्याकडेही तसंच म्हणतात.”

“तसंच.”

दोघं काठानं चालत राहिले. हंसांची एक जोडी पिलांना घेऊन चालली होती, कुणाची काही घाई नव्हती. कुठून तरी गोड, किंचित शिळा असा फुलांचा वास येत होता. साहेबांना झोप आल्यासारखं वाटलं, पण पाय चालत होते. आपण वैनगंगेच्या काठी आहोत, लहान आहोत आणि आई पुढे धुण्याचं गाठोडं घेऊन चाललीय, असं त्यांना मध्येच वाटून गेलं. पुढे भन्तेंच्या अंगावरचं केशरी चीवर हलत होतं. तो रंग पाहत ते चालत होते, आणि बराच वेळ त्यांना काही विचारायचं सुचलं नाही.

मग स्वतःलाच ते खटकलं.

“भन्ते, मी पाण्यातला माणूस. धरणाचे दरवाजे माझ्या हातात होते. पण वरून आदेश आल्याशिवाय एकही दरवाजा मी कधी हलवला नाही.”

“आमचं गाव तुमच्याच धरणाच्या खाली.”

“असं? मग आमचं पाणी प्यायलात तुम्ही.”

“पेलो. उन्हाळ्यात काठावर बसून वाट पाहाचो.”

“आदेश यायचा असायचा हो.”

“असंल. आमाले ऐकू नाही यायचा तो.”

साहेबांनी भन्तेंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. भन्ते हंसांकडे पाहत होते.

पुढे आणखी एक फाटक लागलं. लहान होतं आणि कडी लावलेलं होतं. साहेबांनी कडी काढली, दोघं पलीकडे गेले आणि साहेब चालायला लागले.

“कडी लावा नं जी.”

“आपल्याला परत यायचंय ना इथूनच?”

“तरी लावा. इथली एक रीत हाये. फाटक जसं दिसलं तसं ठेवाचं. लावलेलं असंल तर लावाचं. उघडं असंल तर उघडं ठेवाचं.”

“का?”

“शेतकऱ्यानं काही तरी पाहून केलं असते. आपण वाटसरू. आपल्याले काय माहीत.”

साहेबांनी कडी लावली. ही रीत त्यांना मनापासून आवडली. इतकी आवडली, की काही पावलं चालून ते थांबलेच.

“भन्ते, मी आयुष्यात हेच केलं.”

“काय?”

“जे बंद दिसलं ते बंद राहू दिलं... मला एक मुलगी आहे.”

भन्ते चालायचे थांबले नाहीत, पण त्यांची चाल मंदावली.

“इथेच शिकायला आली होती. लग्न करून मोकळी झाली. मला कळवलं ते झाल्यावर. फोटो पाठवला. पोरगा वाईट नाही, तसं माझं म्हणणं नाही. पण आधी सांगायचं होतं ना? मी काय नाही म्हणालो असतो?”

“म्हणाले असते?”

साहेब दोन पावलं पुढे गेले.

“म्हणालो असतो,” ते म्हणाले. “पण तिनं विचारायला पाहिजे होतं.”

वाटेवर एक बाक होता, पाण्यावर चालणाऱ्या एका जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून. गिरणी बंद पडलेली, पण तिच्याखालून पाणी अजून जात होतं. दोघं बसले. भिंत दिवसभराच्या उन्हानं कोमट झाली होती.

“दर रविवारी तिचा फोन यायचा. माझी बायको, कौशल्या, उचलायची. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचायचो. मला सगळं ऐकू यायचं, पण मी कधी गेलो नाही. कौशल्या गेली तेव्हा पोरीला येता आलं नाही. दिवस भरत आले होते तिचे.”

“काय झालं? पोरगा का पोरगी?”

साहेब पाण्याकडे पाहत राहिले.

“माहीत नाही.”

हे दोन शब्द त्यांनी याआधी कुणापुढे उच्चारले नव्हते. आपण आजोबा आहोत आणि कुणाचे ते आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना त्या बाकावर लाज वाटली. इतकी, की त्यांनी घाईनं पुढचं बोलून घेतलं.

“त्यानंतर फोन बंद झाला. तिनंच बंद केला. मी काही केलं नाही, भन्ते. तुमच्या रितीप्रमाणेच झालं. तिनं लावलेलं फाटक, मी लावलेलंच राहू दिलं.”

भन्ते हातानं भिंतीवरचं शेवाळ उगाच कुरवाळत होते.

तेवढ्यात साहेब दचकून उठले.

“वाजतोय. ऐकलंत?”

पाण्यावरून आवाज येत होता. एक, मग एक, मग दोन एकमेकांत मिसळून.

“चर्चची घंटा हाये जी.”

“हो... हो, घंटाच आहे.” साहेब परत बसले. त्यांचे कान तापले होते.

घंटा बराच वेळ वाजत राहिली आणि थांबली. तिचा नाद मात्र झाडांमध्ये कुठे तरी अडकून राहिला.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा ना.”

“घरात फोन नाही म्हणाले तुम्ही.”

“नाही. काढून टाकला. मोबाइल ऑफिसचा होता, तो निवृत्तीबरोबर गेला. नंतर नवीन घेतला.”

“घरातला फोन आधी काढला, का त्याचं वाजणं आधी थांबलं?”

साहेबांनी मान वळवून गिरणीखाली पाहिलं.

खालून पाणी जात होतं. इतका वेळ ते जात असल्याचा आवाजही त्यांच्या लक्षात आला नव्हता.

“चाला,” भन्ते म्हणाले. “ऊन उतरलं.”

परतताना छोटं फाटक आलं, साहेबांनी उघडलं, लावलं. नदीवर धूसर वाफ धरायला लागली होती. हंस दिसेनासे झाले होते. साहेब रेल्वेचा विचार करत होते. इथल्या स्टेशनावरून एक गाडी विमानतळाकडे जाते आणि एक दुसरीकडे. दुसरीकडच्या गाडीची वेळही त्यांनी येताना पाहून ठेवली होती. का पाहिली, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

हंबरणं आधी ऐकू आलं.

मग ते मोठं फाटक दिसलं. त्याच्या पलीकडे गायींची दाटी झाली होती. एकीच्या पाठीवर एकीची मान. पुढच्या गायींनी फाटकाच्या फळ्यांवर हनुवट्या टेकल्या होत्या आणि त्या सगळ्या नदीकडे पाहत होत्या. नदी त्यांच्यापासून पन्नासेक पावलांवर होती. एक गाय फळी चाटत होती.

“यांना काय झालं?” साहेब म्हणाले.

साहेबांनी गायींकडे नीट पाहिलं.

“तहानलेल्या दिसतात. टाकं तर...”

साहेब थांबले. टाकं कोरडं होतं. तळाला तडा होता. ते त्यांनी स्वतः बोट घालून पाहिलं होतं. खुरांचा चिखल, सताड उघडं फाटक, ते तसंच राहावं म्हणून कुणीतरी मुद्दाम बांधलेली सुतळी... सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. पाण्याचा इतका अभ्यास असलेला माणूस, आणि त्याला हे जुळवता आलं नव्हतं.

ते झपाझप पुढे झाले आणि त्यांनी कडीला हात घातला.

“थांबा नं,” भन्ते मागून म्हणाले. “लावलेलं हाये नं ते?”

“हो, पण...”

“लावलेलं दिसलं तर लावलेलं ठेवाचं. रीत हाये.”

“पण भन्ते, हे मीच...”

हात कडीवर तसाच राहिला. गाय त्यांच्या बोटांवर गरम श्वास टाकत होती. साहेबांनी दुसरा हात कोटाच्या खिशात घातला. सुतळी होती तिथे. नीट गुंडाळलेली, निळी.

“हे मीच लावलं होतं,” ते म्हणाले.

भन्ते उभे होते. चीवराचं टोक दवानं ओलं झालं होतं.

“तुम्हाला माहीत होतं.” साहेबांचा आवाज चढला. “कडी पडली तेव्हा तुम्ही ऐकलं होतं. तेव्हाच सांगायचं होतं. मुकी जनावरं ही, इतका वेळ...”

“हो. माझंबी चुकलंच. त्यायले तहान लागली.” भन्तेंनी गायींकडे पाहून हात जोडले, अगदी खरोखरीचे. मग म्हणाले, “पण परत याच वाटेनं याचं होतं आपल्याले.”

साहेबांनी कडी काढली. फाटक जड होतं आणि चढावर लावलेलं असल्यामुळे परत परत मिटायला बघत होतं. त्यांनी ते आपल्याकडे ओढलं आणि पाठ टेकवून धरून ठेवलं. गायी निघाल्या. साहेबांच्या कोटाला घासत, पायांवर चिखल उडवत, एकीमागून एक. कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पहिली गाय पाण्याशी पोचली आणि तिनं मान खाली घातली. मग दुसरी. काठावर ओळ लागली आणि पिण्याचा आवाज यायला लागला, एकसुरी, शांत. कुठल्या बाजूला जातंय ते सहज न कळणारं पाणी त्यांच्या तोंडांपाशी हललं.

साहेबांना रडू आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात फाटकाला होते.

“भन्ते... आधी मी फोन काढला.”

“हं.”

“कौशल्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. रविवार होता. वाजला. मी समोरच बसलो होतो. वाजत राहिला, थांबला, परत वाजला. मला वाटलं, उचलला तर रडेन. पोरीसमोर रडायचं नव्हतं मला. सोमवारी जाऊन कनेक्शन तोडून आलो. मोबाइलचा नवा नंबर तिला दिला नाही. मग लोकांना सांगायला लागलो, मुलगी फोन करत नाही म्हणून. सांगता सांगता मलाही तेच खरं वाटायला लागलं.”

भन्ते जवळ आले. त्यांनी साहेबांच्या कोटावरचा चिखल हातानं थोडा झटकला, आपल्या माणसाचा झटकतात तसा.

“नंबर हाये तिचा?”

“पाठ आहे. कौशल्या फोन लावताना आकडे मोठ्यानं म्हणायची. शेजारच्या खोलीत ऐकू यायचे.”

भन्ते बाजूला झाले.

साहेबांनी पाठीनं फाटक रेटून धरलं आणि एका हातानं मोबाइल काढला. विमानतळावर घेतलेलं सिम होतं, या नंबरवर अजून कुणाचाच फोन आला नव्हता. ते एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबायला लागले. मधल्या एका आकड्याशी कौशल्या नेहमी जरा थांबायची. साहेबही तिथे थांबले. मग पुढचे आकडे म्हणाले आणि मोबाइल कानाला लावला.

“वाजतोय,” ते म्हणाले.

“कोठे?”

“तिकडे... तिच्याकडे.”

तोच आवाज होता. ध्यानात बसल्यावर यायचा तो. आज पहिल्यांदा तो त्यांच्या घरात वाजत नव्हता.

नदीवरची वाफ आता गायींच्या पोटापर्यंत आली होती. पाय दिसत नव्हते. पाठी तेवढ्या तरंगत होत्या. साहेबांनी मागे शेताकडे पाहिलं. सगळ्या गायी गेल्या नव्हत्या. दूर कुंपणाच्या कोपऱ्यात एक म्हातारी तांबडी गाय एकटीच उभी होती, इकडे पाठ करून. तिनं कधीच नाद सोडून दिला असावा.

फोन वाजत होता. फाटक खांद्याला रुतत होतं, हात भरून आला होता. सुतळी बांधायची तर दोन्ही हात लागणार, आणि एका हातात फोन.

“उचलत नाही, भन्ते.”

भन्ते त्या कोपऱ्यातल्या गायीकडे पाहत होते.

“मी इतकी वर्षं बंद ठेवलं. आता कशाला उचलेल ती?... सोडून देऊ?”

“धरून ठेवा जी,” भन्ते म्हणाले. “उघडलं हाये, हे तिले अजून दिसलं नाही.”